डॉ. बीचिंग आणि ब्रिटनची आगगाडी

(द्वितीय वर्ष, कला)

शाळेत असल्यापासून आपण थोरांची चरित्रे वाचत आलो आहोत. ती बहुधा काहीतरी उभारणाऱ्या माणसांची असतात. आगगाडीच्या बाबतीतही तसेच आहे. १८२५ साली स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर गाडी चालवणारा जॉर्ज स्टीफन्सन आपल्याला क्रमिक पुस्तकात भेटतो. मुंबईत रेल्वे यावी म्हणून खटपट करणारे नाना शंकरशेट आपल्याला ठाऊक असतात. परंतु ज्या देशात आगगाडी जन्मली आणि वाढली, त्याच देशातील जवळजवळ तिसरा हिस्सा लोहमार्ग बंद करावा अशी शिफारस एका माणसाने केली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. त्या माणसाचे नाव डॉ. रिचर्ड बीचिंग. ब्रिटनमध्ये हे नाव लहानथोरांना ठाऊक आहे आणि अजूनही ते बहुतेक वेळा रागानेच घेतले जाते. अर्थशास्त्राच्या तासाला सार्वजनिक उद्योगांतील तोट्याचा विषय निघाला असताना सरांनी या गृहस्थाचा ओझरता उल्लेख केला. तेव्हापासून मला त्याच्याविषयी कुतूहल वाटू लागले. ग्रंथालयात व अन्यत्र जे वाचावयास मिळाले, त्याच्या आधारे त्याचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न करीत आहे.

रिचर्ड बीचिंग यांचा जन्म २१ एप्रिल १९१३ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यातील शीअरनेस या गावी झाला. घर काही श्रीमंताचे नव्हते. वडील एका स्थानिक वृत्तपत्राचे बातमीदार होते, आई शिक्षिका होती. चार भावांत रिचर्ड दुसरे. पुढे कुटुंब मेडस्टोन या गावी आले आणि तेथील ग्रामर स्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांनी पदार्थविज्ञानाची पदवी पहिल्या वर्गात मिळवली आणि डॉक्टरेटही तेथेच केली. बातमीदाराचा मुलगा निव्वळ अभ्यासाच्या बळावर एवढा पुढे गेला, हे वाचताना माझ्यासारख्या, घराण्यात पहिल्यानेच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलाला त्यांच्याविषयी आपलेपणा वाटल्यावाचून राहिला नाही. पुढचे सारे वाचूनही तो आपलेपणा पूर्णपणे गेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शिक्षण संपल्यावर त्यांनी प्रथम इंधन-संशोधन केंद्रात व नंतर मॉन्ड निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेत काम केले. १९३८ साली त्यांचा विवाह झाला. त्यांना अपत्य नव्हते. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर शास्त्रज्ञांची गरज पडली आणि बीचिंग यांची नेमणूक शस्त्रास्त्रांच्या आराखड्यांचे काम करणाऱ्या सरकारी खात्यात झाली. तेथे तोफगोळ्यांच्या रचनेचे काम ते पाहत. याच महायुद्धात त्यांचा एक भाऊ मारला गेला. या खात्यातील त्यांचे वरिष्ठ सर फ्रँक स्मिथ हे मूळचे आय.सी.आय. या रसायनांच्या बलाढ्य कंपनीतले. युद्धानंतर ते कंपनीत परतले आणि १९४८ साली त्यांनी बीचिंग यांनाही तिकडे ओढून घेतले.

आय.सी.आय.मध्ये बीचिंग यांचे खरे गुण दिसून आले. झिपर, रंग, चामड्यासारखे दिसणारे कापड अशा नाना वस्तूंच्या उत्पादनात खर्च कोठे वाया जातो आणि काम कमी श्रमात कसे होईल, हे ते शोधून काढीत. १९५३ साली ते कॅनडात गेले व टेरिलीनचा कारखाना उभा करण्याच्या कामात पुढे राहिले. परत आल्यावर कंपनीच्या धातुविभागाचे अध्यक्ष झाले आणि १९५७ साली वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी संचालक मंडळावर गेले. आकडेमोडीत तरबेज, बोलणे मोजके, भावनेच्या आहारी न जाणारा माणूस, अशी त्यांची ख्याती झाली. अशा माणसाच्या हाती आगगाडीचा कारभार जावा, अशी वेळ ब्रिटनवर लवकरच येणार होती.

त्या काळी ब्रिटिश रेल्वेची अवस्था काय होती ते पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात शेकडो खाजगी कंपन्यांनी एकमेकींशी चढाओढ करीत रूळ टाकले होते. एकाच गावाला दोन-दोन कंपन्यांची स्टेशने असत. दुसऱ्या महायुद्धात या रुळांवरून सैन्याची व दारूगोळ्याची प्रचंड वाहतूक झाली, पण दुरुस्तीला सवड मिळाली नाही. १ जानेवारी १९४८ रोजी सरकारने सर्व मोठ्या कंपन्या ताब्यात घेतल्या, त्या अशा थकल्याभागल्या अवस्थेत. इकडे रस्त्यांवर मोटारी आणि लॉऱ्या वाढत चालल्या होत्या. १९५५ साली इंजिन-ड्रायव्हरांचा मोठा संप झाला आणि त्या दिवसांत रस्त्याकडे वळलेला पुष्कळसा माल रुळांवर परत आलाच नाही. त्याच वर्षी रेल्वेच्या आधुनिकीकरणासाठी १२४ कोटी पौंडांची योजना जाहीर झाली. परंतु पैसा ओतला म्हणून तोटा थांबला नाही. नव्या जातीची डिझेल इंजिने पुरेशी पारख न करता घेतली गेली. ज्या सुट्ट्या वाघिणींची वाहतूक झपाट्याने आटत होती, त्यांच्यासाठीच मोठमोठी यार्डे बांधली गेली. १९६२ साली तोटा दहा कोटी पौंडांच्या पलीकडे गेला.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. मार्ग बंद करण्याची सुरुवात बीचिंग यांनी केलेली नाही. १९४८ ते १९६२ या काळात तीन हजार मैलांहून अधिक मार्ग आधीच बंद झाले होते. मात्र ते एकेक करून, फारसा गाजावाजा न होता.

१९६० साली वाहतूक मंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांनी रेल्वेचा विचार करण्यासाठी सर आयव्हन स्टेडफर्ड यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मार्पल्स हे स्वतः रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीचे भागीदार राहिलेले होते, आणि ही गोष्ट लोक पुढे कधीच विसरले नाहीत. समितीवर येण्यासाठी मंत्र्यांनी सर फ्रँक स्मिथ यांना विचारले. त्यांनी नकार देऊन आपल्याऐवजी बीचिंग यांचे नाव सुचवले. समितीतील बीचिंग यांचे काम पाहून मंत्री इतके प्रभावित झाले की, मार्च १९६१ मध्ये त्यांची रेल्वेच्या प्रमुखपदी निवड जाहीर झाली. पगार ठरला वर्षाला २४ हजार पौंड. आय.सी.आय.मध्ये त्यांना एवढाच मिळत होता, पण तो देशाच्या पंतप्रधानांच्या पगाराहून चौदा हजार पौंडांनी जास्त होता! त्यावर पार्लमेंटात आणि वृत्तपत्रांत बराच गदारोळ झाला. रेल्वेत एक दिवसही नोकरी न केलेला रसायन कंपनीचा माणूस रेल्वेचा धनी होणार, हेही अनेकांना रुचले नाही.

जून १९६१ पासून बीचिंग कामाला लागले. पहिली गोष्ट त्यांनी केली ती मोजणीची. कोणत्या मार्गावरून किती माणसे जातात, किती माल जातो आणि कोणते स्टेशन किती उत्पन्न देते, याचा नेमका हिशेब कोणापाशीच नव्हता. २३ एप्रिल १९६१ रोजी संपलेल्या आठवड्यात देशभरच्या वाहतुकीची पाहणी झाली होती, ती त्यांनी पायाभूत धरली. निष्कर्ष डोळे उघडणारे होते. एकूण लोहमार्गांपैकी तीस टक्के मार्गांवरून अवघी एक टक्का वाहतूक होत होती. एकूण स्टेशनांपैकी निम्मी स्टेशने मिळून उत्पन्नाच्या केवळ दोन टक्के उत्पन्न देत होती.

२७ मार्च १९६३ रोजी त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. ब्रिटिश रेल्वेची पुनर्रचना असे त्याचे नाव होते. पण लोकांनी त्याला बीचिंगची कुऱ्हाड म्हटले. सुमारे पाच हजार मैल मार्ग आणि २,३६३ स्टेशने व थांबे बंद करावेत, अशी शिफारस त्यात होती. म्हणजे प्रवासी स्टेशनांपैकी निम्म्याहून अधिक! सोबत स्टेशनांची नावे अकारविल्हे छापलेली यादी होती. गावोगावचे लोक त्या यादीत आपल्या गावाचे नाव शोधू लागले. रेल्वेतील ६७ हजार ७०० नोकऱ्या कमी होतील, असा अंदाज होता.

परंतु अहवालात एवढेच नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. आगगाडीने जे काम चांगले होते तेच तिने करावे, असा त्यांचा मूळ विचार होता. दूर अंतरावरच्या मोठ्या शहरांना जोडणाऱ्या वेगवान गाड्या, कोळशाच्या अखंड मालगाड्या आणि पेटाऱ्यांतून, म्हणजे कंटेनरमधून, होणारी मालवाहतूक यांवर त्यांनी भर दिला. विजेच्या कारखान्यात न थांबता हळूहळू पुढे सरकत कोळसा खाली टाकणाऱ्या गाड्या आणि १९६५ अखेरीस सुरू झालेल्या कंटेनर-गाड्या ही त्याचीच फळे आहेत. पण इतिहासाची रीत मोठी विचित्र आहे. त्यांनी जे सुरू केले ते लोक विसरले. जे बंद केले ते मात्र लक्षात राहिले.

आता त्या मोजणीविषयी थोडे बोलू. कारण माझ्या मते या चरित्राचे मर्म तेथेच आहे. टीकाकारांचा पहिला आक्षेप असा की, एप्रिलमधला एकच आठवडा धरून वर्षाचा अंदाज कसा बांधावा? ब्रिटनमध्ये समुद्रकाठच्या गावांना खरी गर्दी होते ती उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये. एप्रिलमध्ये त्या फाट्यांवर डबे रिकामेच धावणार. दुसरा आक्षेप उत्पन्नाविषयी. लंडनचा माणूस समुद्रकाठच्या गावी जातो तेव्हा जाण्यायेण्याचे तिकीट लंडनलाच काढतो. पैसे जमा होतात लंडनच्या नावे, आणि त्या लहान स्टेशनाच्या खात्यात शून्य! अहवालात या गोष्टीचा काही विचार झाला होता. पण छोट्या फाट्याने मोठ्या मार्गाला दिलेल्या प्रवाशांचे मोल त्यात कमी धरले गेले, अशी तक्रार राहिलीच. तिसरा आक्षेप असा की, फाट्याचा खर्च कमी करून तो चालवता येईल का, दोन डब्यांची हलकी गाडी, कमी नोकर, साधे स्टेशन, याचा शोध जितका घ्यावा तितका घेतला गेला नाही. चालवावा किंवा बंद करावा, एवढेच दोन पर्याय समोर राहिले.

हे वाचताना मला आमचा हॉल्ट आठवला. मी ज्या खेड्यातून कॉलेजला येतो तेथे स्टेशन मास्तर नाही. कमिशनवर तिकिटे विकणारा एक एजंट आहे, एक निवारा आहे आणि एक लिंबाचे झाड. सकाळच्या पॅसेंजरला आम्ही वीस-पंचवीस मुलेमुली तेथे चढतो. भाजीच्या पाट्या घेऊन बाजाराला जाणाऱ्या बाया असतात, त्यांत माझी आईही असते. आता समजा, कोणी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वही घेऊन आमच्या हॉल्टवर बसला. त्याला काय दिसेल? परीक्षा आटोपून मुले घरी. विहिरी आटल्यामुळे भाजी नाही, म्हणून बायाही नाहीत. लग्नाला निघालेली चार माणसे तेवढी दिसतील. तिकिटविक्रीचा हिशेब पाहिला तरी तोच प्रकार. आम्हा विद्यार्थ्यांचे पास तालुक्याच्या मोठ्या स्टेशनावर निघतात, तेव्हा तो पैसा आमच्या हॉल्टच्या नावे लागतच नाही. वहीतला प्रत्येक आकडा बरोबर असेल. पण माझी धाकटी बहीण यंदा बारावीत आहे आणि सकाळी जाऊन उजेडी परत आणणारी गाडी आहे, एवढ्यासाठीच आई तिला पुढे कॉलेजला पाठवावयास तयार झाली आहे, ही गोष्ट त्या वहीच्या कोणत्या रकान्यात लिहिणार?

असो. अहवालानंतर ब्रिटनमध्ये काय घडले ते पाहू. गावोगाव सभा झाल्या, अर्ज गेले. १९६४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने मोठ्या प्रमाणावरील बंदी थांबवण्याचे आश्वासन दिले. तो पक्ष निवडून आला. बंदी मात्र चालूच राहिली. बीचिंग निघून गेल्यावरही ती अनेक वर्षे थांबली नाही. काही मार्ग तर असे बंद झाले की ज्यांचे नाव बीचिंग यांच्या यादीत नव्हतेच. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांच्या गावांना जोडणारा मार्ग १९६७ च्या अखेरीस बंद झाला, तो त्यांपैकीच एक. तेव्हा सारा दोष एकट्या बीचिंग यांच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. एका माणसाने यादी केली हे खरे. पण तिच्यावर सही करणारे मंत्री दोन्ही पक्षांचे होते.

या काळातील एक प्रसंग विशेष हृदयस्पर्शी आहे. एडिंबरोहून कार्लाइलला जाणारा वेव्हर्ली मार्ग स्कॉटलंडच्या डोंगराळ सीमाभागातून जात असे. सुमारे ९८ मैलांचा हा मार्ग बंद झाला तर हॉइक, गॅलाशील्स अशा लोकरी कापडाच्या गावांना रेल्वेच उरणार नव्हती. १९६८ च्या डिसेंबरात हॉइकच्या एका गृहिणीने हजारो सह्यांचा अर्ज थेट पंतप्रधानांच्या निवासस्थानी नेऊन दिला. उपयोग झाला नाही. ५ जानेवारी १९६९ च्या रात्री शेवटची गाडी निघाली. न्यूकॅसलटन या खेड्यात लोकांनी फाटक बंद करून रुळांवर ठाण मांडले. गावच्या पाद्रीबुवांना पोलिसांनी पकडले. त्या भागाचे तरुण खासदार डेव्हिड स्टील त्याच गाडीत होते. त्यांनी मध्यस्थी करून पाद्रीबुवांची सुटका करविली, तेव्हा कुठे लोक बाजूला झाले आणि गाडी पुढे गेली. त्यानंतर रूळ उखडले गेले.

बंद गाड्यांच्या जागी बसगाड्या सुरू होतील, असे लोकांना सांगण्यात आले होते. पुष्कळ ठिकाणी त्या सुरूही झाल्या. परंतु त्या सावकाश जात, स्टेशनापासून दूर थांबत आणि थोड्याच वर्षांत त्यांतील अनेक बंद पडल्या. ज्याला शक्य होते त्याने मोटार घेतली. ज्याला शक्य नव्हते तो घरी राहिला.

बीचिंग यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये दुसरा अहवाल दिला. साडेसात हजार मैलांच्या मुख्य मार्गांपैकी सुमारे तीन हजार मैल निवडून त्यांवरच भविष्यात पैसा घालावा, असे त्यात सुचवले होते. नव्या सरकारशी त्यांचे जमले नाही आणि १९६५ च्या मध्यावर ते आय.सी.आय.मध्ये परतले. म्हणजे रेल्वेत ते जेमतेम चार वर्षे होते! त्याच वर्षी त्यांना लॉर्ड ही पदवी मिळाली. पुढे ते आय.सी.आय.चे उपाध्यक्ष झाले, नंतर बांधकाम-साहित्याच्या एका मोठ्या कंपनीचे अध्यक्ष झाले. मध्यंतरी सरकारने त्यांना न्यायालयांच्या फेररचनेसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष केले. शतकानुशतके चालत आलेली फिरत्या न्यायाधीशांची पद्धत मोडून नवी क्राउन न्यायालये १९७२ पासून सुरू झाली, ती या आयोगाच्या शिफारशींतूनच. तेथे मात्र त्यांच्या कुऱ्हाडीबद्दल कोणी फारशी ओरड केली नाही.

उत्तरायुष्यात त्यांना रेल्वेविषयी विचारले जाई. आपण केले ते चुकले असे त्यांनी कधीही म्हटले नाही. उलट आणखी मार्ग बंद करावयास हवे होते, अशीच त्यांची भूमिका राहिली. ते ईस्ट ग्रिन्स्टेड या गावी राहत. त्या गावातून पूर्व-पश्चिम जाणारा मार्ग त्यांच्याच अहवालानुसार १९६७ साली बंद झाला. पुढे त्या रुळांच्या जागी रस्ता झाला आणि त्याला बीचिंग यांचेच नाव देण्यात आले. २३ मार्च १९८५ रोजी त्याच गावी त्यांचे निधन झाले.

येथे चरित्र संपते, पण गोष्ट संपत नाही. १९८२ साली ब्रिटनमध्ये रेल्वेने झालेल्या प्रवासांची वर्षाची संख्या सुमारे ६३ कोटींपर्यंत उतरली होती. हा उद्योग आता मरणार, असेच पुष्कळांना वाटत होते. परंतु तसे झाले नाही. मोटारींनी रस्ते तुंबले, शहरात घर घेणे परवडेना म्हणून लोक दूर राहू लागले, आणि आगगाडी पुन्हा भरू लागली. १९९४ ते १९९७ या काळात रेल्वेचे खाजगीकरण झाले. त्याच्या बऱ्यावाईटाविषयी आजही वाद आहे. पण प्रवासी वाढत गेले हे खरे. कोरोनाच्या साथीपूर्वी, २०१९ साली, ही संख्या वर्षाला १७० कोटींच्या पुढे गेली होती. साथीत ती एकदम कोसळली आणि नंतर पुन्हा चढली. २०२४ साली पार्लमेंटाने कायदा करून प्रवासी गाड्या चालवणाऱ्या खाजगी कंपन्यांचे काम परत सरकारकडे घेण्याचे ठरवले आणि मे २०२५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली.

बंद पडलेले काही फाटेही जिवंत होत आहेत. वेव्हर्ली मार्गाचा एडिंबरो ते ट्वीडबँक हा सुमारे तीस मैलांचा तुकडा ६ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे तब्बल ४६ वर्षांनी, पुन्हा सुरू झाला. पहिल्याच वर्षी दहा लाखांहून अधिक प्रवास तेथे नोंदले गेले. डेव्हन परगण्यातील ओकहॅम्पटनला १९७२ नंतर थेट २०२१ साली रोजची गाडी मिळाली. न्यूकॅसलजवळच्या अ‍ॅशिंग्टन या खाणकामगारांच्या गावी १९६४ साली थांबलेली प्रवासी गाडी डिसेंबर २०२४ मध्ये परत आली. मात्र वेव्हर्ली मार्ग अजून हॉइकपर्यंत पोहोचलेला नाही. बंद मार्ग पुन्हा सुरू करण्यासाठी सरकारने २०२० साली जो ५० कोटी पौंडांचा निधी जाहीर केला होता, ती योजना नव्या सरकारने २०२४ साली पैसा नाही म्हणून गुंडाळली. तेव्हा पुनरुज्जीवन होईलच असे छातीठोकपणे म्हणता येत नाही; ते होऊ शकते, एवढेच म्हणता येते.

हे काम इतके अवघड का व्हावे? बीचिंग यांच्याच गावचे उदाहरण पाहा. ईस्ट ग्रिन्स्टेडहून दक्षिणेकडे जाणारा एक फाटा त्यांच्या अहवालाच्याही आधी, १९५८ साली बंद झाला होता. हौशी मंडळींनी १९६० सालापासून त्याच्या दुसऱ्या टोकाकडच्या तुकड्यावर स्वतःच्या श्रमाने जुनी वाफेची गाडी चालवली. त्यांना ती ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंत न्यावयाची होती. पण वाटेत डोंगर कापून केलेली एक खोल वाट होती, आणि मार्ग बंद झाल्यावर गावाने ती चक्क घरोघरच्या कचऱ्याने भरून टाकली होती! तो कचरा वर्षानुवर्षे उपसून, वाघिणी भरभरून बाहेर नेल्यावर मग रूळ टाकता आले. २३ मार्च २०१३ रोजी पहिली गाडी गावात शिरली. योगायोग असा की, तो बीचिंग यांच्या मृत्यूचा दिवस होता. मार्ग बंद करावयास एक सही पुरते. तो उघडावयास मात्र पन्नास वर्षे लागतात, कारण तोवर पूल पाडलेले असतात, जमिनी विकलेल्या असतात आणि रुळांच्या जागी घरे उभी असतात.

डॉ. बीचिंग दुष्ट होते काय? मला तसे वाटत नाही. ते प्रामाणिक होते, कष्टाळू होते, आणि आपण काय करणार हे त्यांनी लपवून ठेवले नाही. सरकारने त्यांना विचारले होते की तोटा कोठे होतो. त्याचे उत्तर त्यांनी चोख दिले. रेल्वे कोणाच्या उपयोगी पडते, हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नाही आणि त्यांनीही आपणहून तो विचारला नाही. पुढे १९६८ च्या कायद्याने, समाजाला आवश्यक पण तोट्यात चालणाऱ्या गाड्यांना सरकारने उघडपणे अनुदान द्यावे, असे तत्त्व मान्य झाले. तेच पाच वर्षे आधी मान्य झाले असते तर त्या यादीतील कितीतरी गावे वाचली असती. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्जचा फाटा यादीत असूनही वाचला आणि आजही चालू आहे. सेटल-कार्लाइल हा डोंगरातील मार्ग लोकांच्या चळवळीमुळे १९८९ साली कायमचा वाचला. म्हणजे यादीत नाव आले तरी लोकांनी आवाज उठवला तर निर्णय बदलू शकतो, हेही याच इतिहासात आहे.

आपल्यापैकी अनेकजण उद्या बँकेत, कचेरीत, शाळेत कामाला लागतील. काहीजण स्पर्धा परीक्षा देऊन अधिकारीही होतील. आपल्याही टेबलावर अशाच याद्या येतील. पटसंख्या कमी म्हणून बंद करावयाच्या शाळा असतील, उत्पन्न कमी म्हणून बंद करावयाच्या एस.टी.च्या फेऱ्या असतील, एखादा दवाखाना असेल. आकडे नाकारून चालणार नाही. तोटा हा तोटाच असतो आणि तो कोणाच्या तरी खिशातून जातो. पण तो आकडा कोणत्या आठवड्यात मोजला, कोणाच्या खात्यात धरला आणि मोजताना कोण घरी होते, एवढे तीन प्रश्न सही करण्यापूर्वी आपण जरूर विचारावेत. डॉ. बीचिंग यांचे चरित्र वाचून मी तरी एवढे शिकलो.